रन क्रमांक सत्तेचाळीस

चिंचोळीच्या एमआयडीसीत दुपारी अडीचला
पत्र्याखाली पंखा गरम हवाच ढवळत असतो.
मी पाणी ढवळते,
जे नाही.

इंपेलरच्या पोटात बावन्न लाख घरं आखलीत,
पात्यांच्या कडेला चिंचोळी, मधे जरा ऐसपैस.
प्रत्येक घर शेजारच्याला विचारतं:
तुझ्याकडून किती आलं, माझ्याकडून किती गेलं?
जुळत नाही. पुन्हा विचारतं.
स्क्रीनवर चुकीची रेघ खाली येत राहते
गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना उतरावा तशी,
थांबत, मधेच एखादी पायरी उलट चढत.

वडील बत्तीस वर्षं टॉवेलच्या लूमवर.
एकदा त्यांना ही जाळी दाखवली.
वाटलं, ताणा-बाणा असं काहीतरी म्हणतील.
चष्मा कपाळावर सरकवून तेलुगूत म्हणाले,
यात धागा कुठंय?
नुसती भोकंच की.

सेहेचाळीस रन झाले.
कोन सव्वीस, चोवीस, साडेतेवीस,
पात्याच्या तोंडाशी निळा डाग तसाच.
निळा म्हणजे दाब एवढा कमी
की पाणी थंडच्या थंड उकळतं.
बुडबुडा होतो, जरा पुढं जातो, फुटतो,
आणि ब्राँझला टाचणीच्या टोकाएवढं खातो.
रोज तेवढंच.
दुरुस्तीला आलेलं इंपेलर बघा कधी,
उंदरानं कडेनं कुरतडलेली कडक भाकरी.

नदाफचाचांचा सागवानी पॅटर्न कपाटावर असतो,
तळाशी पेन्सिलनं लिहिलेलं, १९९४.
पात्याची कड त्यांनी कानसीनं गोल केलेली, अंदाजानं.
त्या गोलाईला सगळं शॉप 'चाचांचा हात' म्हणतं.
मी ती मोजली, आत घातली, रात्रभर चालवली.
डाग वाढला.

दोन दिवस कुणाला बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी डबा खाताना
शेंगाचटणी त्यांच्याकडे सरकवत सांगून टाकलं.
चाचा चावत राहिले.
"चुकलंच असंल. तवा आत कुणाला दिसत होतं?"
हात धुतले, पॅटर्न उतरवला,
माझा कागद उजेडात धरून दोनदा पाहिला
आणि कानस लावली.
तीस वर्षांची गोलाई
दहा मिनिटांत फरशीवर, भुसा होऊन.
मला वाटलं होतं त्यांना लागेल.
मलाच लागलं.

भुसा फुंकत त्यांनी विचारलं,
"तुझ्या पाण्यात रेती आहे?"
नाही.
"गाळ? उन्हाळ्यात उजनी तळाला जाते तवाचा?"
नाही, चाचा.
"लाइट जाते?"
नाही.
माझं पाणी पंचवीस अंशांचं, नितळ,
मागावं तेवढं, मागावं तेव्हा.
चाचा हसले. "मग सोलापूरचं नव्हं ते."

सत्तेचाळिसावा.
एक्याऐंशी पूर्णांक तीन टक्के, डाग नखाएवढा.
हत्तरकी शेठनी आकडा चष्म्यातून वाचला, चष्म्यावरून वाचला,
आणि कॅटलॉगमध्ये ब्याऐंशी छापायला सांगितलं.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ आला.
आईनं अर्ध्या एचपीची मोटर थेट नळाला जोडली.
बेकायदा आहे. गल्लीत सगळ्यांची तशीच आहे.
मोटर कुरकुरली,
डब्यात खडे हलवल्यासारखी,
आणि डोळे मिटलेलेच असताना मला निळा डाग दिसला.
उठले. पुढचा कॉक अर्धा फेरा आवळला.
खडे थांबले.

"धार बारीक झाली की गं."
होऊ दे, मोटर टिकेल.

भिंतीपलीकडे बोल्लींची मोटर
एकदम भरल्या आवाजात ओढायला लागली.
आई भिंतीकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
आणि कॉक होता तसा
पूर्ण सोडला.